कारण: इतर

बाबा,

तुम्ही सव्वीस वर्षं ज्या कारखान्यात काढलीत, तिथे मी गेल्या वर्षी पुन्हा गेले. विजेच्या मोटारी बनवणारा तोच कारखाना, भंडाऱ्याच्या बाहेरचा. फाटकाला आता निळा रंग आहे. शिपायानं माझी बॅग उघडून पाहिली, लॅपटॉपचा नंबर वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "मॅडम, पयल्यांदा आल्या का?" मी हो म्हणाले. तुमचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी मला तुमची मुलगी म्हणून वागवलं असतं, आणि मला तिथे कामाला आलेली बाई म्हणून उभं राहायचं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याला आता अठरा वर्षं झाली. मी नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि मला तिथे पाठवलं होतं ते तुमचंच काम मोबाईलवर आणायला. सकाळच्या शिफ्टला कोण आलं, कोण नाही, आलेल्यांपैकी कोणाला प्रेसवर बसवायचं, कोणाला वाइंडिंगला, कोणाला वार्निशला, जोडणीला, पॅकिंगला, हे ठरवणारं ॲप. तुम्ही फाटकाजवळ उभे राहून जे वीस-पंचवीस मिनिटांत करायचात, ते आता काही सेकंदांत होतं.

तुमचा तो खिळ्यांचा बोर्ड आता तिथे नाही. मला तो पहिल्यांदा दिसला तो एका दसऱ्याला, मी चौथीत असेन. मशिनींना झेंडूच्या माळा घातलेल्या, सगळ्यांची पोरंबाळं आत सोडलेली, आणि तुम्ही मला हाताला धरून फाटकाजवळच्या त्या प्लायवूडसमोर उभं केलं. वर लाइनींची नावं, खाली खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्यावर नंबर ठोकलेला पत्र्याचा एक गोल बिल्ला. एक बिल्ला म्हणजे एक माणूस. तुम्ही म्हणालात, "पाय, हे सगळे माह्ये लोकं." मी एक बिल्ला काढून दुसऱ्या खिळ्यावर अडकवला तर तुम्ही हसत तो परत जागेवर ठेवलात. माझ्या ॲपचा मुख्य पडदा मी तसाच केला आहे. वर लाइनींची नावं, खाली माणसांची कार्डं, बोटानं उचलायचं आणि दुसरीकडे सोडायचं. कंपनीतल्या लोकांना ते फार आवडलं. कुठून सुचलं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, असंच.

तुमची खरी मांडणी मात्र बोर्डावर व्हायच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात व्हायची. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर बसून चहा बशीत ओतता आहात आणि तोंडानं चालू आहे, "आज चार-पाच जनी नाही येनार, धानाचा रोवना लागला. वाइंडिंगले दोघी कमी पडतीन. त्या आंधळगाववालीची पोरगी बिमार हाये, तिचं ध्यान नाही लागनार, तिले पॅकिंगले देतो." आई नुसती हं हं करायची. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी बोलत चहा पितात. वार्निशची गोष्टही तिथेच ऐकली. तुम्ही कामाला लागलात तेव्हा आपल्या वस्तीतली पोरं सगळी वार्निशच्या खोलीत. डोळे चुरचुरतात, रात्रभर खोकला येतो, हाताचा वास जेवताना नाकात जातो. दुसरीकडे जागा नाही, असं साहेब म्हणायचे. बाबासाहेबांचा फोटो घरात असलेल्या माणसांनाच दुसरीकडे जागा नसायची, हे कोणी बोलायचं नाही. तुम्ही सुपरवायझर झालात तेव्हा पहिला नियम काढलात तो बारीचा. वार्निशला दोन आठवडे प्रत्येकाची बारी, मग तो कोणीही असो. तीन जणांनी काम सोडायची धमकी दिली. तुम्ही म्हणालात, सोडा. कोणी सोडलं नाही. ही गोष्ट सांगताना तुम्ही बशी खाली ठेवायचात, एरवी नाही ठेवायचात.

म्हणून मी त्या सुट्टीत जे केलं ते केलं. बारावीचा निकाल लागायचा होता, मी दुपारी तुमच्याकडे येऊन हजेरीच्या रजिस्टरची सुबक नक्कल काढून द्यायची. सहा महिन्यांची पानं उतरवताना मला दिसलं की एक बिल्ला प्रेसवर कधी जातच नाही. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं ते जुनं, पायानं दाबायचं मशीन. तिथेही तुम्ही बारीच लावली होती, आणि ही एक बाई सोडून सगळ्यांची बारी येत होती. शिफ्ट सुटताना, फाटकाशी माणसं उभी असताना, मी मोठ्यानं विचारलं, "बाबा, ह्या नंबरची प्रेसची बारी येतच नाही. वार्निशचा नियम सगळ्यांना आणि हिला सूट, हा अन्याय नाही का?" मला वाटलं तुम्हाला अभिमान वाटेल. तुम्ही माझ्या हातातून रजिस्टर घेतलंत आणि म्हणालात, "उद्यापासून येऊ नोको." बस. घरी येईपर्यंत सायकलवर एक शब्द नाही. जेवताना आईला म्हणालात, "शिकाले लागली म्हनून कोनाचंही विचाराचा हक्क भेटत नाही." तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग इंजिनीअरिंगला नंबर लागला तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कॅल्क्युलेटर माझ्या उशाशी ठेवलात, चांगला, साइन-कॉसवाला, आणि त्याबद्दलही काही बोलला नाहीत. मी तेव्हा ठरवून टाकलं की त्या बाईला सूट का आहे, याचं उत्तर वाईटच असणार. ती कोणाची तरी नात्यातली असेल. किंवा आणखी काही. अठरा वर्षं नाही बाबा, जास्तच, मी तुमच्याबद्दल तो एक डाग मनात ठेवून होते.

कारखान्यात मी पंधरा दिवस नुसती बसून पाहत होते. सकाळची माणसं बसवायचं काम आता एक लाइन लीडर बाई करते. मूळची आंबागडची, म्हणून सगळे तिला आंबागडवालीच म्हणतात. तुमच्या वेळी ती पॅकिंगला नवी लागली होती. मी तिला विचारायची, हिला इथे का, त्याला तिथे का, आणि ती सांगेल ते लॅपटॉपवर खाने पाडून भरायची. कौशल्य एक ते चार. उंची. चष्मा. किती दिवस एका मशीनवर. तिसऱ्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी बाबूजीची पोरगी होय ना? कपाळ तेच हाये." मी मान हलवली. तिनं काही गाजावाजा केला नाही, नुसता माझा हात दाबला. आणि शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये, भज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवत, आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, एक बाई हाये. तिले तुमच्या मोबाईलनं प्रेसवर टाकाचं नाही. तेवढं करून ठेवा."

"काहून?" माझ्या तोंडून आपोआप आपली बोली आली.

"बाबूजीनं मले सांगतलं होतं. आता तुमाले सांगतो, कारन तुमी त्याहिची पोरगी." मग तिनं सांगितलं. पवनीच्या अलीकडच्या एका गावची बाई, सगळ्यांची पवनीवाली. तिला फिट येते. वर्षातून दोन-तीनदा, लहानपणापासून. कामाला लागली त्याच महिन्यात पाण्याच्या टाकीमागे तिला फिट आली आणि ते फक्त तुम्ही पाहिलंत. तुम्ही तिचं डोकं मांडीवर धरून बसलात, आणि लोक जमल्यावर सांगितलंत की पोरगी सकाळपासून उपाशी होती, चक्कर आली. मग आंबागडवालीला बाजूला घेऊन म्हणालात, तू तिच्या जवळ बसत जा आणि ही गोष्ट कागदावर येऊ देऊ नको. कागदावर आली की ती घरी बसेल. तुम्ही गेल्यावर दोन सुपरवायझर आले नि गेले. दोघांनाही तिनं कधी कंबर, कधी नजर असं काहीबाही सांगून पवनीवालीला प्रेसपासून लांब ठेवलं. पुढे ती स्वतःच लीडर झाली आणि मग कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. "एकवीस-बावीस वर्षं झाली, एकदाही प्रेसवर नाही गेली ते," आंबागडवाली म्हणाली. मी बिल्ल्याचा जुना नंबर विचारला. तोच होता. फाटकाशी, एवढ्या माणसांत, त्या दिवशी ती बाईसुद्धा उभी असणार.

मी तिच्या कार्डाला कुलूप लावलं. ॲपमध्ये तशी सोय होती: अमुक माणूस तमुक मशीनवर नको. कुलूप लावताना कारण निवडावं लागतं. यादीत वैद्यकीय होतं, पण ते निवडलं की दाखला जोडावा लागतो. मी सगळ्यात खालचं निवडलं. कारण: इतर. मला त्या क्षणी बरं वाटलं, तुमच्या नंतर हे माझ्या हातून होतंय म्हणून.

ते बरं वाटणं महिनाभर टिकलं. आढावा बैठकीत मॅनेजरनं पडद्यावर यादी लावली, 'कारण: इतर' एवढंच लिहिलेल्या कुलुपांची. अकरा निघाली. माझं एक, बाकीची वेगवेगळ्या लीडरांनी लावलेली. त्यातली बरीचशी खरंच वशिल्याची होती: एकाची वहिनी पॅकिंगमध्ये पक्की, एकाच्या गावचे तिघं वार्निशला कधीच नाहीत. हो, अजूनही. मॅनेजर काही वाईट माणूस नाही. तरुण आहे, सगळ्यांशी अहो-जाहो करतो, वार्निशच्या खोलीत पंखे त्यानंच बसवले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमच्याच पहिल्या सादरीकरणात होतं ना, कारणाशिवाय अपवाद म्हणजे वशिला. मला ते फार पटलं होतं. मग ही सगळी काढून टाकू या? ज्याला खरं कारण असेल तो दाखला देईल." वाक्य माझंच होतं बाबा. मी ते लिहिताना तुमच्या वार्निशच्या बारीचा विचार केला होता. कोणी एका मशीनवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, प्रत्येकाची बारी, हा तुमचा नियम मी ॲपमध्ये तसाच्या तसा घातला होता. मशीनला जात कळत नाही, वस्ती कळत नाही, हे मी किती आनंदानं सांगत फिरले होते. आता त्या खोलीत मी काय म्हणणार होते? मी म्हणाले, "ठीक आहे."

त्यानंतर मी जे जे करून पाहिलं ते सांगते. मॅनेजरला सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एखाद्याला फिटचा त्रास असेल तर? तो म्हणाला, "फ्लोअरवर नाहीच ठेवता येणार मॅडम, विम्यात बसत नाही. वाईट वाटतं, पण उद्या काही झालं तर?" मग मी पवनीवालीला भेटले, पहिल्यांदा, ती बससाठी उभी असताना. बारीक, उंच, केसांत पांढरं आलेलं. मी हळूच म्हणाले की दाखला आणला तर मी काही करू शकेन. ती घाबरली नाही, रागावलीही नाही. "मॅडम, कागद देला का मी घरी. ठेकेदाराची मानसं आमी, काढतो म्हनूनबी नाही सांगत, यादीत नावच नाही येत. माही पोरगी नर्सिंगले हाये, अजून दोन वर्षं हायेत तिचे. गोळी चालू हाये माही. तुमी काई लिवू नोका." मग मी आणि आंबागडवालीनं मिळून खांद्याच्या दुखण्याचा दाखला मिळवला, खोटा. कारखान्याच्या डॉक्टरानं तिचे दोन्ही हात वर करायला लावले, फिरवायला लावले, आणि लिहिलं: तंदुरुस्त. त्याचं काही चुकलं नाही. ती खरंच तंदुरुस्त दिसते.

मग आंबागडवाली म्हणाली, "राहू द्या मॅडम, मी हातानं बदलवत जाईन." ॲपनं पवनीवालीला प्रेसवर टाकलं की ती बोटानं कार्ड उचलून दुसरीकडे सोडायची. पण असे हातानं केलेले बदल ॲप मोजतं आणि आठवड्याच्या शेवटी कुठल्या लीडरनं किती केले ते लाल रंगात वर पाठवतं. तेही मीच बसवलं होतं, लीडरांची मनमानी दिसावी म्हणून. तिला दोनदा बोलावणं आलं. "काहून बदलवता?" तर ती म्हणायची, "बोट लागलं." ती हे सांगताना हसायची आणि मीही फोनवर हसायची. मी नागपूरला बसून तो लाल रंग थोडा फिका करता येईल का, हेसुद्धा पाहिलं. एवढंच माझ्या हातात होतं, रंग.

मग आंबागडवालीच्या मुलीचं बाळंतपण आलं, गोंदियाला. ती चार दिवस रजेवर गेली. जाताना मला फोन केला, "पवनीवालीलेबी सुट्टी घे म्हटलं, तर म्हनते सुट्ट्या संपल्या. तुमी पाहा जरा." मी काय पाहणार होते? बदली लीडर नवी होती, तिला लाल रंगाची भीती होती. पहिल्या दिवशी ॲपनं पवनीवालीला जोडणीला दिलं. दुसऱ्या दिवशी प्रेसवर. मी सकाळी कार्ड तिकडे गेलेलं पाहिलं. माझ्या हातात ते बदलायचा अधिकार नव्हता, बनवणाऱ्यांना चालू शिफ्टमध्ये हात घालता येत नाही, आणि तो नियम बरोबरच आहे. मी बदली लीडरला फोन लावला. तिनं उचलला नाही. फ्लोअरवर फोन चालत नाहीत. मॅनेजरला लावायला नंबर काढला आणि पाच मिनिटं त्या नंबराकडे बघत बसले. त्याला काय सांगू? सांगितलं तर ती घरी. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. वर्षातून दोन-तीनदाच तर येते. मी फोन खाली ठेवला.

साडेदहाच्या सुमारास पडद्यावर प्रेसचा चौकोन पिवळा झाला. पिवळा म्हणजे थांबली. आणि लगेच ॲपनं वाइंडिंगची एक बाई उचलून प्रेसवर दाखवली, दहाएक मिनिटांत चौकोन पुन्हा हिरवा. माझ्या शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "वा, काय झटकन भरली जागा!" आणि बाबा, तुम्हाला सांगायला लाज वाटते, अर्धा क्षण मलाही तसंच वाटलं. मग मी बदली लीडरला पुन्हा फोन लावला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. फिट आली, पाय पेडलवर दाबला गेला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला शुद्ध आली तेव्हा तिनं सगळ्यात आधी विचारलं म्हणे, "कोनी पायलं का?" सगळ्यांनीच पाहिलं होतं. डॉक्टरांच्या कागदावर आता ते आलं.

चौकशी झाली. आमच्या कंपनीकडून अहवाल मागितला आणि तो मीच लिहिला, कारण मलाच सगळं माहीत होतं. उपलब्ध माहितीनुसार नेमणूक योग्य होती, असं मी लिहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नाही. कुलुपाचं लिहिलं असतं तर मी ते कोणाच्या सांगण्यावरून लावलं, हे आलं असतं, आणि आंबागडवालीही गेली असती. हे मी स्वतःला सांगते. खरंही आहे ते. पण सही करताना मी फक्त तिचाच विचार करत होते, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

मला तुमचा राग आला बाबा. तिला पाहायला दवाखान्यात गेले होते, तिथून परत येताना एसटीत बसून मी मनात तुमच्याशी भांडले. त्या सुट्टीत मला बाजूला घेऊन एक वाक्य सांगितलं असतंत तर? मी सतरा वर्षांची होते, मला कळलं असतं. तुम्ही तिला वाचवत होतात की नुसतं लपवत होतात? तुम्हीच नियम काढायचे, तुम्हीच गुपचूप मोडायचे, आणि सगळं तुमच्या डोक्यात. तुम्ही एका रविवारी छाती धरून खाली बसलात आणि ते सगळं तुमच्याबरोबर गेलं, एका पॅकिंगच्या बाईच्या कानात होतं तेवढं सोडून. मग पुढच्या माणसानं काय करायचं? हे मी भांडले, आणि नागपूरपर्यंत पोचता पोचता माझ्या लक्षात आलं की तुम्ही मला सांगितलं असतंत तरी मी ते एखाद्या खान्यात भरलंच असतं. दुसरं मला येत नाही.

महिन्याभरानं मी तिच्या गावी गेले. आंबागडवाली बरोबर आली. तिचं लीडरपण राहिलं आहे, पण ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. पवनीवालीचं घर धानाच्या बांधीला लागून, मातीचं, पुढे शेणानं सारवलेलं. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं आणि एका हातानं पाणी आणून दिलं. दुसरा हात पदराखाली. नवरा रोजीवर गेला होता. पोरगी होस्टेलवर, तिला आईनं मशीनमध्ये बोट चेमटलं एवढंच सांगितलं आहे. मी माफी मागायची म्हणून गेले होते. वाक्य जुळवून नेलं होतं. पण ती माझ्यावर रागावलेली नव्हती, त्याची मला तयारीच नव्हती.

"बाबूजी लय चांगले होते वो," ती म्हणाली. "मी पडली होती ना टाकीमांगं, तं त्याहिनं आपला दुपट्टा माह्या तोंडाले लावला. थुका लागला होता. मंग तोच दुपट्टा धुवून गयात टाकून फिरले दिसभर." आणि मग, "तुमी एक डाव फाटकावर माह्या नंबराचं विचारलं होतं. मले वाटलं, आता गेलं माहं काम. घरी येऊन मी जेवली नोहती."

माफीचं वाक्य तिथेच विरलं. आंबागडवाली म्हणाली, "जाऊ दे आता."

"नाही, मी काई म्हनून नाही राहिली," पवनीवाली म्हणाली, आणि खाटेच्या काठावर माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज अगदी साधा, कामाचा होता. "मॅडम, ते मोबाईलचं तुमीच बनवलं ना? सगळ्याइचे नावं तुमच्यापाशी हायेत. तं माहं नाव टाका ना परत. पॅकिंगले टाका. डब्ब्याले चिकटपट्टी मारनं एका हातानं होते, मी घरी करून पायली. तुमी टाकलं का सकारी तठी नाव येते ना माहं? मंग मी येतो. कोनाले काई नाही विचारत मी."

आंबागडवालीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की असं काही नसतं. ठेकेदार नाव पाठवतो, कारखाना मंजूर करतो, मग ते ॲपमध्ये उतरतं. मी फक्त खाने बनवले आहेत. मला ते समजावून सांगायचं होतं. सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे इतक्या भरवशानं पाहत होती, तुमच्याकडे ती अशीच पाहत असेल. मी म्हणाले, "बघते."

तिनं माझा नंबर आंबागडवालीकडून घेतला. दर सोमवारी सकाळी तिचा फोन येतो. पहिल्यांदा मी म्हणाले, साहेब गावाला गेलेत. दुसऱ्यांदा म्हणाले, नवीन भरती पुढच्या महिन्यात आहे. ती दरवेळी म्हणते, "हो हो, घाई नाही, तुमच्या सवडीनं." मधल्या काळात ॲप चांगलं चाललं आहे, नागपूरच्या दुसऱ्या एका कारखान्यानं मागवलं आहे, ते कामही माझ्याकडेच आलं आणि मी नाही म्हणाले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला बसतानाच माहीत होतं. आईला वाचून दाखवावं असं मधे एकदा वाटलं, पण मग तिला त्या बाईचं सगळं सांगावं लागेल, आणि मी ते अहवालात नाही सांगितलं, मॅनेजरला नाही, तर मग आईलाही सांगू नये. लॅपटॉपवर ठेवते.

एक गोष्ट राहिली. गेल्या दोन सोमवारी तिचा फोन वाजला तेव्हा मी जागेवरच होते. मी उचलला नाही.